पान एकविसावरचा शिक्का

१२ मे २०१४, सोमवार

ही डायरी अण्णांची, म्हणजे वडिलांची. बँकेने दिलेली. पहिल्या पानावर त्यांनी नाव घातलंय: एकनाथराव, सेक्रेटरी, सुबोध मराठी वाचनालय, अंबरपेठ. पुढे सगळी कोरी. मार्चच्या अकरा तारखेला ते गेले.

मला बोलायचे, "शिन्या, रोज पाच ओळी मराठीत लिही. इंग्लिश मीडियममध्ये घालून तुला ना इंग्लिश आलं ना मराठी." मी बोलायचो, "तेलुगू आलं ना." बीकॉमचे तीन विषय अडकलेत, ते कुठल्याच भाषेत सुटत नाहीत.

पाच ओळी झाल्या. जेवलो.

१४ मे, बुधवार

मुकुंदराव आले होते. वाचनालयाचे अध्यक्ष, रिटायर वकील. चहा घेताना पण उलटतपासणी घेतल्यासारखे बघतात.

"श्रीनिवास, दोन जूनला तेलंगणा राज्य वेगळं होतंय."

"हौ काका, पेपरात आहे."

"आपल्या शिक्क्यावर हैदराबाद, कंसात आं. प्र. आहे. दोन तारखेपासून तो चालायचा नाही. नवा करून आण. दाबला की आपोआप शाई लागते तसला. दोनचार ठिकाणी बघ, तुलना कर, मग ठरव. एकनाथरावांचं काम होतं हे. आता तुझं."

मग त्यांनी जुनं रजिस्टर उघडून दाखवलं. १९५६ सालचं पान. वाचनालयाचा पहिला शिक्का 'हैदराबाद स्टेट'वाला. आंध्र प्रदेश झालं तेव्हा त्याचा शेवटचा ठसा या पानावर मारलाय, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि सहीखाली रबराचे दोन तुकडे चिकटवलेत. ब्लेडने मधोमध कापलेले. सुकून मनुक्यासारखे झालेत. राज्य बदललं की जुन्या शिक्क्याचा असा निरोप करायचा, मगच नवा वापरायचा. म्हणजे मागून कोणी जुन्या शिक्क्याने खोटे कागद करायला नको. आपल्याकडची रीत ही.

"आता अडचण अशी," मुकुंदराव बोल्ले, "की जुना शिक्का सापडत नाही. वडिलांनी घरी कुठे ठेवला होता का?"

"नाही," मी बोल्लो.

खोटं नाही ते. वडिलांनी नव्हता ठेवला.

१५ मे, गुरुवार

शिक्का स्कूटरच्या डिकीत आहे. मी ठेवलाय.

मार्चची दोन तारीख, रविवार. वाचनालयात अण्णा चष्मा पुसत होते तेवढ्यात खणातून उचलला. शिसवी मुठीचा, गोल. फडक्यात गुंडाळून त्यांच्याच स्कूटरच्या पुढच्या डिकीत टाकला. मजा अशी की अण्णा गावभर शिक्का शोधणार आणि शिक्का त्यांच्या गुडघ्यासमोर. पेट्रोलच्या पावत्या टाकायला तरी डिकी उघडतील तेव्हा कळेल, असा माझा हिशोब.

हे आमचं जुनं आहे. नऊ वर्षांचा होतो तेव्हा हाच शिक्का मी स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. अण्णा रागावले नाहीत. रजिस्टर काढलं, मला नंबर दिला, इश्शूची चिठ्ठी भरली आणि कमिटीतल्या पद्मावतीबाईंना बोल्ले, "हे पुस्तक घेऊन जा. सात दिवसांत परत करा, पानं फाटलेली चालतील." पद्मावतीबाई खरंच घेऊन गेल्या. शाळेत मास्तरीण होत्या, दोन तास शुद्धलेखन घातलं. त्याआधी मी त्यांचा चष्मा लपवायचो, परत त्याला हात लावला नाही.

तर शिक्का. अण्णा नऊ दिवस शोधत होते. खण, टेबलाखाली, टोपीत. मी बघायचो आणि आतल्या आत हसायचो. अकरा तारखेला दुपारी साडेचारला हार्ट. वाचनालयातच, मोठ्या कपाटासमोर. कपाट सगळं उपसलेलं, रजिस्टरं जमिनीवर. वाचनालयात कामाला आहेत त्या हणमंतकाकांना दिसले आधी. डॉक्टर बोल्ले, बसले असते तरी आला असता, झोपले असते तरी आला असता. सगळे हेच बोलतात. कपाट का उपसलं होतं, ते कोणी विचारत नाही.

स्कूटर कव्हरखाली आहे. मी कव्हर काढलेलं नाही.

काही वाटत नाही. हे पण लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. तेराव्याला आलेले लोक बोल्ले, पोराने घट्ट केलंय मन. कसलं घट्ट. दाढेला इंजेक्शन देतात ना, मग आपण आपलाच गाल चावतो आणि कळत नाही, तसं.

१७ मे, शनिवार

कोठीच्या बाजारात गेलो. आई बोल्ली, "गाडी घेऊन जा ना, ऊन आहे." बोल्लो, "पार्किंग नाही." बसने गेलो.

जिन्याखाली एका माणसाच्या रुंदीचं दुकान, खाजाभाईंचं. दाढी मेंदीची, बोटं जांभळी. पुढे ही गर्दी. सगळ्यांना दोन तारखेच्या आधी शिक्का पाहिजे. शाळावाले, डॉक्टर, सोसायट्या.

"चालीस साल में ऐसा सीझन नै देखा," खाजाभाई बोल्ले. "स्टेट टूटा, मेरा घर बना. तुमको क्या होना बाबा?"

मी सांगितलं. त्यांनी तीन ठेवले समोर. एक ऑस्ट्रियाचा, एक तैवानचा, एक दिल्लीचा. तिघांचं तंत्र एकच. आत रबर शाईच्या गादीला चिकटून उलटा झोपलेला असतो. वरून दाबलं की कोलांटी मारून खाली येतो, ठसा उठवतो, परत जाऊन झोपतो. वेगळं पॅड नको, हात काळे नको.

"फर्क क्या है?"

"ऑस्ट्रिया का बोलताच नै. दबाओ, चुप. तैवान का थोडा बोलता. दिल्ली का मुहल्ले को सुनाता."

खरं होतं. दिल्लीवाला खटाक् करतो. नमुन्याला प्रत्येकावर काहीतरी इंग्लिश कोरलेलं होतं, रिसीव्हड, अर्जंट, कॅन्सल्ड. कागद संपला म्हणून मी हातावर मारून बघितले. मनगटापासून कोपरापर्यंत. मग खाजाभाईंच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर जूनच्या दोन तारखेवर 'कॅन्सल्ड' मारला.

खाजाभाईंनी बघितलं. "वा रे. तुमारे एक ठप्पे से रुक जाता तो हम सब लाइन लगाते."

माणसं हसली. आधी मला असं झालं की दिवसभर बरं वाटायचं. बसमध्ये बसल्यावर आठवून बघितलं, हसू येतं का. नाही आलं.

आईने हात बघितला. साबण दिला.

२० मे, मंगळवार

चिक्कडपल्लीला पण एक दुकान बघितलं. मोठं, एसीचं. तिथला पोरगा तेलुगूत बोलत होता, "अण्णा, हे फ्लॅश स्टॅम्प घ्या. यात कोलांटी नाही, शाई रबराच्या आतच भरलेली असते. ठसा छापल्यासारखा येतो." तेलुगूत सगळ्याच मोठ्यांना अण्णा बोलतात. मी दोन मिनिटं शिक्का हातात फिरवत राहिलो, त्याला वाटलं भाव पटला नाही. आपणहून कमी केला.

फ्लॅशवाला नको. ठसा उठतो भारी, पण शाई सुकायला वेळ लागतो. आपण घाईत पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटा छापतो. आणि आपल्याला पुस्तकात मारायचाय, बिलावर नाही. पहिलं पान, शेवटचं पान आणि पान एकवीस. चोरटा पहिलं पान फाडतो, शेवटचं फाडतो, एकविसावं फाडायचं त्याला सुचत नाही. पान एकवीस बाहेर कोणाला सांगायचं नाही. डायरीत चालेल.

येताना खाजाभाईंकडे थांबलो, जुन्या पुस्तकाच्या पातळ कागदाचे तुकडे नेले होते. त्यावर मारून उलटून बघितलं. ऑस्ट्रियाचा मागे उतरत नाही. तैवानचा थोडा. दिल्लीचा तर मागून वाचता येतो.

२२ मे, गुरुवार

कमिटी बसली. मला बोलावलं होतं शिक्क्याचं सांगायला. मी तुलनेचा कागद नेला होता. आवाज, शाई, मागे उतरणं, गादी बदलायची सोय, उन्हात उघडा ठेवला तर किती दिवसांत सुकतो. मुकुंदराव बोल्ले, "अभ्यासात एवढं डोकं घातलं असतं तर."

मजकुरावरून तासभर. मुकुंदरावांना 'तेलंगणा राज्य' पाहिजे. पद्मावतीबाई बोल्ल्या, "कंसच काढून टाका. नुसतं हैदराबाद. मी एकाच घरात राहून दोन राज्यांत पत्रं टाकली, आता तिसऱ्यात टाकीन. पोस्टमन तोच होता." शेवटी 'हैदराबाद (तेलंगणा)' ठरलं.

मग जुन्या शिक्क्याचा विषय निघाला.

वाचनालयाच्या किल्ल्या दोघांकडे. अण्णांकडे आणि हणमंतकाकांकडे. काका पंचवीस वर्षं वाचनालयात आहेत. झाडतात, पुस्तकं लावतात, पावती करतात. नांदेडकडचे. बायको गेली, जमीन भावांनी वाटून घेतली, मागच्या खोलीत राहतात. मुकुंदराव बोल्ले, "एकनाथराव गेले. राहिला एक माणूस. हणमंतराव, शिक्का कुठे आहे?"

काका दारात उभे होते, टोपी हातात. माझ्याकडे बघितलं नाही.

"माज्याच हातून हारपला आसंल सायेब."

"हरवला की दिला कोणाला?"

"दिऊन कुनाला दिऊ? बायकोला कपाळाला लावाया?"

पद्मावतीबाई हसल्या. मुकुंदराव नाही. त्यांनी ठरवलं, एक जूनच्या रविवारी सभा. तोवर शिक्का आला नाही तर पोलिसात हरवल्याची तक्रार द्यायची, त्यात किल्ली कोणाकडे होती ते लिहायचं, आणि हणमंतरावांनी खोली मोकळी करायची. "माणसावर राग नाही माझा. संस्था आहे."

मी तिथेच होतो. तोंड पण होतं. कागदाची घडी घातली, उघडली, घातली.

२३ मे, शुक्रवार

काही नाही.

२५ मे, रविवार

वाचनालयात गेलो. काका खुर्च्या पुसत होते.

"काका, तुम्ही कायको कबूल केलं?"

"कबूल कुटं केलं? आसंल म्हनलं." मग फडकं पिळत बोल्ले, "गाडी चालू हाय का रं तुझ्या बापाची?"

"उभी आहे."

"उभ्या गाडीत पानी व्हतं. काढ येकदा भायेर."

"काढतो."

"डिकीत उंदरं घर करत्यात," बोल्ले आणि बाहेर बादली ओतायला गेले.

काकांना काय, सगळ्यांच्या गाड्यांची काळजी. मागच्या खोलीत त्यांच्या पलंगाखाली पुस्तकांचा गठ्ठा दिसला, दोरीने बांधलेला. विचारलं तर बोल्ले, "तुज्या बापाच्या येळची नवी आलेली. अकरा हायेत. शिक्का नाय म्हनून रजिस्टरला चढली नाईत. शिक्क्याबिगर पुस्तक भायेर द्याचं नाय."

"नवा शिक्का येतोय ना. त्याने मारू."

"नवा नाय चालायचा. ती जुन्या राज्यात आल्यात," काका बोल्ले. "ज्येचा शिक्का त्येला."

घरी आलो. स्कूटरपाशी गेलो. कव्हर काढलं नाही. कव्हरवर कबुतराची घाण होती ती धुतली.

२७ मे, मंगळवार

परत खाजाभाई. त्यांनी विचारलं, "अब कौनसा?" मी बोल्लो अजून एकदा तिन्ही दाखवा. त्यांनी दाखवले. मी प्रत्येक शंभर वेळा दाबला. मोजून. ऑस्ट्रियाचा शंभराव्याला पण पहिल्यासारखा. तैवानचा ऐंशीनंतर थोडा फिकट. दिल्लीवाल्याची स्प्रिंग बहात्तरला अडकली, पण शाई सगळ्यात काळी त्याची.

"बाबा," खाजाभाई बोल्ले, "लोगाँ शादी को लड़की देखते, इत्ते बार नै जाते. ठप्पा लेना है या नै लेना है?"

मी दिल्लीवाल्याची अडकलेली स्प्रिंग सोडवत बसलो.

"किसका था पुराना?"

"वालिद का."

त्यांनी गर्दी होती तरी स्टूल दिलं बसायला. मग बोल्ले, "मैं जिसका बनाता उसका नाम उल्टा पढ़ता, चालीस साल से. उल्टा लिखो तो कागज पे सीधा आता." आणि गिऱ्हाइकाकडे वळले. काय बोल्ले ते नीट कळलं नाही, पण लिहून ठेवलं.

ऑस्ट्रियावाला सांगितला. गोल, जुन्याच मापाचा. मजकूर मी कॉम्प्युटरवर बसून टाईप केला. आधी गंमत म्हणून टाकलं, 'श्रीनिवास, बी.कॉम. (नापास), अंबरपेठ'. खाजाभाईंना मराठी समजतं. बोल्ले, "ये भी निकालूँ क्या?" बोल्लो नक्को.

शुक्रवारी मिळेल.

३० मे, शुक्रवार

नवा शिक्का आणला. खरंच बोलत नाही. दाबा, चुप. घरात दहा कागदांवर मारला. सगळे ठसे एकसारखे. अण्णांचा कधी डावीकडे कमी यायचा, कधी दोनदा यायचा. ते मूठ धरून आधी पॅडवर दोनदा टेकवायचे, मग फुंकर, मग पुस्तकावर अंगाचा भार द्यायचे, आणि उचलताना "हं" बोलायचे. नव्याला हं नाही.

काकांना दाखवायला गेलो. ते पत्र्याच्या ट्रंकेत धोतरं भरत होते. भिंतीवरचा देवाचा फोटो उतरवून वर ठेवला होता.

"कुठे जाणार?"

"बघू. पुतन्या हाय नांदेडात. त्याची बायकू हाय." हसले. "ती मोठी अडचन."

"काका, अजून रविवार आहे ना."

"हाय की," बोल्ले. "म्हनून तर ट्रंकंला कुलूप नाय लावलं."

३१ मे, शनिवार

कव्हर काढलं.

१ जून, रविवार

सगळं लिहितो, एका बैठकीत. पाच ओळींत होणार नाही.

सकाळी डिकी उघडली. फडकं होतं. फडक्यात शिक्का. आणि शिक्क्याशेजारी शाईचं पॅड. पत्र्याची निळी डबी, वाचनालयातली. पॅड मी ठेवलं नव्हतं. नक्की नव्हतं ठेवलं. तिथेच उभा राहिलो. आई गॅलरीतून बोल्ली, "काय झालं रे, उंदीर आहे का?" बोल्लो, नाही.

किक मारल्या. चौदाव्याला चालू झाली. आई गॅलरीतच होती. तिने आवाज ऐकून दार धरलं. हा आवाज संध्याकाळी यायचा ना आधी.

सभा अकराला. मुकुंदराव, पद्मावतीबाई, अजून चार जण. टेबलावर पोलिसांच्या तक्रारीचा कागद टाईप करून ठेवलेला. काका दारात, टोपी हातात.

मी शिक्का टेबलावर ठेवला. पॅड पण.

"मी घेतला होता," बोल्लो. "मार्चच्या दोन तारखेला. चेष्टा म्हणून. अण्णांच्याच गाडीत ठेवला. ते शोधत होते आणि मी बघत होतो. त्या दिवशी कपाट त्याच्यासाठीच उपसलं होतं. हणमंतकाकांचा काही संबंध नाही."

एवढंच बोल्लो. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. पंख्याची पाती मोजली, तीन.

मुकुंदरावांनी चष्मा काढला. मला वाटलं आता बोलतील ते ऐकायचं. त्यांनी तक्रारीचा कागद घेतला, दोनदा फाडला. मग बोल्ले, "हणमंतराव, माझं चुकलं."

"चुकतंय सायेब. टोपी घालू का आता?"

कोणीतरी चहा सांगायला उठलं. तेवढ्यात काका मागून तो गठ्ठा घेऊन आले. दोरी सोडली. अकरा पुस्तकं माझ्यासमोर मांडली. "हेला मार आदी. मग कापायचं ते कापा."

मी पॅडवर पाण्याचे चार थेंब टाकले, शाई सुटायला. पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान, ठसा. शेवटचं पान, ठसा. मग एकवीस उघडलं.

पेन्सिलने गोल काढलेला होता. शिक्क्याच्या मापाचा, बाटलीचं झाकण ठेवून काढल्यासारखा. गोलाच्या खाली बारीक अक्षर, अण्णांचं. मला मराठी हळू वाचता येतं, त्यांचं अक्षर अजून हळू.

'३ मार्च. जागा राखून ठेवली आहे. शिक्का शिन्याने पळवला. हणमंता, त्याला बोलायचं नाही. आपणहून आणील.'

मी पद्मावतीबाईंकडे बघितलं, मग काकांकडे. काका चहाचे कप लावत होते.

दुसऱ्या पुस्तकात एकवीसवर: '४ मार्च. सापडला. माझ्याच डिकीत! पोरगं हुशार आहे, अभ्यास सोडून. पॅडही ठेवून दिलं शेजारी, एकट्याला करमायचं नाही.'

तिसऱ्यात: '५ मार्च. आज टोपीत शोधला. तो दारामागे तोंड दाबून उभा होता. एवढा हसताना बारावीनंतर पाहिला नाही.'

पुढच्या काहींत नुसती तारीख आणि गोल, एकाच तारखेचे दोन पण. एकात: 'टेबलाखाली शिरलो. गुडघा दुखतो. पण मजा आली.' एकात: 'इंदूला सांगावंसं वाटतं, पण तिच्या पोटात राहायचं नाही.' इंदू म्हणजे आई.

प्रत्येकाच्या गोलात मी ठसा मारत गेलो. थांबलो नाही. पद्मावतीबाई माझ्या मागे उभ्या राहून वाचत होत्या, त्यांचा श्वास मानेला लागत होता.

दहाव्या पुस्तकात: '१० मार्च. उद्या मोठं कपाट उपसून ठेवतो. तो पाच वाजता येतो, त्याच्या देखत डोक्याला हात लावून बसायचं. त्याला वाटलं पाहिजे म्हातारा रडकुंडीला आला. मग बघू किती दिवस दम धरतो.'

मी त्या दिवशी पाचला नाही, सहाला आलो होतो. पण पाचला आलो असतो तरी साडेचार वाजून गेलेच होते.

अकराव्यात नुसता गोल. खाली काही नाही.

त्यात मारला तेव्हा ठसा पुसट उठला, शाई संपत आली होती. परत पॅडवर टेकवला, फुंकर मारली, अंगाचा भार दिला. उचलताना तोंडातून "हं" निघालं. माझ्या.

मुकुंदरावांनी रजिस्टर उघडलं. छप्पनच्या पानासमोरचं पान. शेवटचा ठसा मारला. साक्षीदार म्हणून एक सही पद्मावतीबाईंची. दुसरी मुकुंदरावांनी काकांना करायला लावली. काका सही करतात, मला वाटायचं अंगठा. मग मुकुंदरावांनी ब्लेड माझ्यापुढे केलं. "सेक्रेटरी कापतो."

मी ब्लेड घेतलं. शिक्का उलटा धरला. नाव उलटं होतं, ते वाचत राहिलो.

"काका," मुकुंदरावांना बोल्लो, "राज्य उद्या वेगळं होतंय ना? आज अजून हा चालतो."

"चालतो. कायद्याने चालतो."

"मग आजचा दिवस मी घरी नेऊ? उद्या सकाळी आणतो."

एकाने "पुन्हा?" असं तोंड केलं, त्याची काही चूक नाही. मुकुंदराव ब्लेडकडे बघत होते.

"आनंल त्यो," हणमंतकाका बोल्ले.

पद्मावतीबाईंनी खण उघडला, इश्शूची चिठ्ठी काढली, आणि मास्तरणीच्या अक्षरात भरायला बसल्या. सभासदाचं नाव: श्रीनिवास एकनाथराव. वस्तू: शिक्का, एक नग, मुठीसह. परत करण्याची तारीख: २ जून. सही घेतली माझी.

"पानं फाटली तर चालतील," बोल्ल्या आणि लगेच चष्मा काढून पदराने पुसत बसल्या, कितीतरी वेळ.

डिकीत टाकला. पॅड शेजारी ठेवलं. सरळ घरी नाही आलो. कोठीपर्यंत गेलो, चिक्कडपल्लीवरून वळलो, असाच.

जेवायला अंबाडीची भाजी होती. आईला बोल्लो, मीठ जास्त झालंय.

आई बघत राहिली. मग बोल्ली, "हौ रे. अडीच महिने जास्तच पडतंय. तू आज बोल्लास."

२ जून, सोमवार

दुसऱ्या किकला चालू झाली.

दहाला नेऊन दिला. वेळेत.